बादलीच्या तोंडाएवढं चक्र

आम्हा दोघी बहिणींत चपलांचा जोड एकच होता. तो माझ्या मापाचा. धाकटीची शाळा सकाळची, माझी दुपारची, म्हणून भागायचं. तिच्या पायातून चप्पल निसटायची, तेव्हा ती टाचेला सुतळी बांधून जायची, आणि घरी आली की दारातच ती सुतळी सोडून मला चपला द्यायची. सुतळीची आमच्या घरी ददात नव्हती. बाकी सगळ्याची होती.

घर म्हणजे जबलपुरातल्या गोरखपूर बाजाराच्या मागच्या गल्लीतली एक खोली. वर कवेलू, म्हणजे कौलं. पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागत आणि चौथ्या ठिकाणी आम्ही झोपायचो. बाबा कारखान्यात मजूर होते. जबलपूरला फौजेचे मोठमोठे कारखाने आहेत, त्यांतल्या एकात ते पेट्या उचलून वॅगनमध्ये चढवायचे. पेटीत काय आहे हे त्यांना विचारायचं नसे आणि त्यांनीही सांगायचं नसे. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, जातीनं फुलमाळी. गावात भावाभावांत वाटे पडत पडत बाबांच्या नावावर जेवढी जमीन आली तेवढ्यात एक खाट आणि एक जास्वंदीचं झाड मावलं असतं. म्हणून ते इकडे आले. माय गोरखपूरच्या चौकात पोतं टाकून बसायची. गजरे, वेण्या, देवाचे हार.

हे मी आवाज खाली करून सांगत नाही. पुढे माझ्याबरोबर नोकरी करणाऱ्या काही बायकांना वाटायचं, आपल्या लहानपणाच्या या गोष्टी सांगू नयेत. मला तसं कधी वाटलं नाही.

बाबांना वाचता येत नव्हतं. कारखान्याच्या फाटकावर पाट्या होत्या, हिंदीत आणि इंग्रजीत. त्यांच्याखालून ते रोज जायचे. पहिल्याच वर्षी, "इथून जाऊ नये" लिहिलेल्या दारातून ते आत गेले आणि चौकीदारानं सगळ्यांदेखत शिव्या हासडल्या. ते बाबांच्या मनातून कधी गेलं नाही. "या घरातून एक जण कालेजात गेलं पाहिजे," असं ते म्हणायचे. शेजारचे म्हणायचे, "भैया, तुम्हारी तो लड़कियाँ हैं." बाबा म्हणायचे, "हाँ, तो लड़कियाँ जाएँगी." त्यांची हिंदी वाईट होती, पण हे वाक्य त्यांना बरोबर जमायचं.

पासष्टच्या लढाईत मी बारा वर्षांची होते. शहरात काचांना काळे कागद लावायचा हुकूम निघाला. आम्हाला काचाच नव्हत्या, त्यामुळे आम्ही कायद्यानं चालणारे ठरलो. बाबांचा ओव्हरटाइम सुरू झाला. त्याच दिवसांत छावणीतला एक हवालदार सायकलवरून मायपाशी येऊन थांबला. त्याच्या हातात चिठ्ठी होती. तो पहाडाकडचा होता, गोरा, मिशा बारीक.

"माँजी, रीथ बनाओगी? चार चाहिए."

मायला काही कळलं नाही. तिनं मोठ्यातला मोठा हार उचलून दाखवला.

तो हसला. "अरे माँजी, ये तो नेता को पहनाने का है. गोल चाहिए. टायर जैसा. ज़मीन पे रखते हैं, शहीद के सामने."

माय घरी आली आणि पोत्यावर बसून राहिली. फुलं गळ्यात घालतात, केसांत माळतात, देवाला वाहतात. ही गोल वस्तू कुणाच्याच अंगावर जाणारी नव्हती. तिनं आधी हारच गोल करून त्याची दोन टोकं शिवली. ते जमिनीवर ठेवताच पसरलं. मग बाबांनी कबाड्याकडून जाड तार आणली आणि पाणी भरायची बादली पालथी न घालता उभी ठेवून तिच्या तोंडावर ती वाकवली. बरोबर गोल झाला. त्यावर मायनं धानाचं तणस ओलं करून, पिळून पिळून गुंडाळलं, सुतळीनं आवळलं, अशोकाची पानं एकावर एक अशी बांधली की तार दिसू नये, आणि झेंडूच्या देठांत खराट्याच्या काड्या खुपसून एकेक फूल रोवलं. पहिल्या चक्राला तिला पूर्ण सकाळ लागली. हवालदारानं ते उचलून हलवून पाहिलं. एक पाकळी पडली नाही. "वाह," तो म्हणाला.

तेव्हापासून छावणीतलं काम आलं की मायकडे यायचं. शांततेच्या दिवसांतही यायचं, कारण फौजेत कोणत्या ना कोणत्या दिवशी कुणाला तरी मान द्यायचाच असतो. मायनं या कामाचे आपले नियम केले. चक्राची फुलं वेगळ्या टोपलीत. उरलेली देवाला नाही, केसांत नाही, बाजारात नाही, सरळ नर्मदेत. ते काम झालं की आंघोळ, मग चूल. तरी लोक बोललेच. आमच्या गल्लीतली एक मावशी, तीही नागपूरकडचीच, मुलीच्या लग्नाची वेणी सांगायला आली आणि टोपली बघून थबकली.

"काहो, लग्नाची वेणी अन् मुडद्याचं चक्कर एकाच सुईनं ओवता का?"

"सुई वेगळी हाय बाई," माय म्हणाली. "बोटं तेच हायत. थे दुसरे कुठून आणू?"

मावशीनं वेणी कमानिया गेटच्या एका दुकानातून आणली. तिच्यामागून अजून दोन-तीन घरं तुटली. नंतर चौकात बसताना मायनं गजऱ्यांची परडी जरा जास्त पुढे सरकवायला सुरुवात केली, एवढंच.

मी अकरावी पास झाले आणि कॉलेजात नाव घातलं. ज्या दिवशी फी भरली त्या दिवशी बाबा कारखान्यातून रजा काढून आले होते. फाटकाबाहेर उभे राहिले. आत या म्हटलं, तर म्हणाले, "मी इथूनच पाहतो. तू जा." मी पायऱ्या चढून मागे वळून पाहिलं, तर ते पाटी बघत होते. ती त्यांना वाचता येत नव्हती, पण ते वरपासून खालपर्यंत सगळी बघत होते.

कॉलेजच्या लायब्ररीत एक इंग्रजी कोश होता. इतका जड की तो उचलायचा नसे, त्याच्याकडे आपण जायचं. शब्द कुठून आला तेही त्यात द्यायचे. हवालदाराच्या चिठ्ठ्यांवरचा शब्द मी पाच वर्षं वाचत होते. एक दिवस तो काढला. रीथ म्हणजे फुलापानांचं कडं, हे होतंच. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा शब्द त्यांच्या फार जुन्या भाषेतल्या पिळणं, वळणं या क्रियापदातून आला. वेदनेनं अंग पिळवटतं त्याचा त्यांचा शब्द, राइद, तोही त्याच मुळाचा. मनगटाचा शब्द, रिस्ट, दुरून त्याच घरातला, कारण मनगट वळतं. मला त्यात मायचं मनगट दिसलं. तणस पिळून तिचं उजवं मनगट सुजायचं, त्यावर ती हळद बांधायची. दुसऱ्या एका जाड पुस्तकात होतं की ग्रीक लोक शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचं कडं घालत.

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. बाबा आंघोळ करून बसले होते. माय भाकऱ्या थापत होती.

"म्हणजे पिळणं?" मायनं विचारलं.

"हो."

"मंग ज्यानं थो शब्द काढला, त्यानं एखादं तरी आपल्या हातानं बनवलं असंल."

बाबांनी विचारलं, "अन् आपल्यात काय म्हणते?"

"पुष्पचक्र."

"हे तं पेपरातलं हाय. असं कोणी बोलते का?" ते हसले. मग म्हणाले, "जिंकला त्याच्या डोक्यावर. मेला त्याच्या पायापाशी. डोक्यावरून खाली कधी आलं थे?"

"पुस्तकात नाही दिलं, बाबा."

"याच्याहून मोठ्या पुस्तकात पाहा नं मंग."

मोठं पुस्तक असतं आणि त्याहून मोठं असतं, आणि कशात तरी सगळं दिलेलं असतं, असं त्यांना वाटायचं. मी हो म्हटलं. पाहीन म्हटलं. पाहायचं राहून गेलं.

एकाहत्तर साल. दिवाळी नुकतीच झाली होती. लढाई लागलेली नव्हती, पण कारखान्यातल्या लोकांना ती आधी कळते. बाबांना सुटी नव्हती, रविवारही नव्हता. एका दुपारी वॅगनपाशी पेट्यांची थप्पी घसरली आणि ते तिच्याखाली आले. दोन सायकलींवर दोघं जण आले, बाबांच्याच टोळीतले. माय चौकात होती. त्यांनी तिला सांगितलं नाही, मला शोधत कॉलेजात आले. मी एकाच्या सायकलवर मागे बसून आले आणि चौकात मायला मीच सांगितलं. ती वेणी ओवत होती. तिनं ती पुरी केली, गाठ मारली, परडीत ठेवली, आणि मग उठली. लोकांनी नंतर याबद्दल नावं ठेवली. मी शेजारी उभी होते, मला माहीत आहे. तिचे हात थांबायचेच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी आणलं. गावाहून बाबांचे थोरले भाऊ आले, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावरून येणाऱ्या पहिल्या बसनं. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो. मायचे ते भासरे. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही, डोक्यावरचा पदर खाली ओढून आडोशाला होते. लग्नाला वीस वर्षं झाली तरी माय त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. कारखान्याची जीप आली. एक साहेब उतरले आणि त्यांनी बाबांच्या पायापाशी पुष्पचक्र ठेवलं. ते सदर बाजारातल्या कुठल्यातरी दुकानातलं होतं. साहेब टोपी काढून उभे राहिले. चांगले होते ते, त्यांचे डोळे ओले होते.

माय उशापाशी बसलेली होती. तिची नजर चक्रावर गेली आणि तिथंच राहिली. मग ती मला म्हणाली, "सुतळी आण."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"सुतळी आण. अन् काड्या."

मी आणून दिल्या. तिनं ते चक्र मांडीवर ओढलं आणि फुलं उपटायला लागली. बायकांत एकदम कालवा झाला. तीच गल्लीतली मावशी रडत रडत ओरडली, "अवं, हे काय करून राहिली? डोकं फिरलं हिचं! धरा वो कोणी तिले!"

"सैल हाय," माय म्हणाली. "घाटापर्यंत टिकत नाही."

कुणी तिला धरलं नाही. तिनं पानं काढली, तणस पुन्हा पिळलं. पिळताना मनगट दुखून तिचा चेहरा वाकडा झाला, तेव्हा मी एक टोक धरलं आणि ती पिळत गेली. बाहेर तिरडी बांधून झाली होती. पुरुष ताटकळले होते. साहेब टोपी हातात धरून तसेच उभे होते. मायनं एकेक फूल परत रोवलं, चक्र उचलून दोनदा हलवून पाहिलं, आणि पायापाशी न ठेवता बाबांच्या छातीवर ठेवलं. मग मात्र तिनं जो हंबरडा फोडला, तो मी आता लिहीत नाही.

ग्वारीघाटावर ते चक्र बाबांबरोबरच चितेवर गेलं. आपल्याकडे फुलं माणसाबरोबर जातात, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तार आत आहे हे पुरुषांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले, तर राखेत ती होती. काळी पडलेली, पण गोल तशीच्या तशी.

मोठ्या बाबांनी ती गमछ्यात गुंडाळून आणली आणि दाराबाहेर दगडावर ठेवली. आत आले नाहीत. उंबऱ्याशी बसून मला हाक मारली. माय दाराआड होती, तिला सगळं ऐकू जात होतं, तरी बोलणं माझ्याशीच.

"पोरी, तुह्या मायले सांग. घरात बसून सहा वर्षं मेलेल्याची फुलं बांधली. मरण घरात बोलावलं. त्यानंच माह्या भावाले खाल्लं. पाहा, आगीतही गेलं नाही थे."

सांगायचं तरी काय, ती दोन हातांच्या अंतरावरच उभी होती.

"तेरवी झाली की सामान बांधा. गावी चला. दोघींचे हात पिवळे करून देतो. यंदाच."

दाराआडून मायचा आवाज आला, मला. "पोरी, मोठ्या बाबाले सांग, तुही परीक्षा मार्चात हाय."

"मोठे बाबा, माझी परीक्षा..."

"ऐकलं मी," ते म्हणाले. "परीक्षा देऊन काय होते? तुह्या मायले सांग, इथं तुमचं कोणी नाही आता."

"त्याईले सांग, तुह्या बाबानं फी भरून ठेवली हाय."

"तिले सांग, फी भरणारा गेला!"

मग दार हललं. माय बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण तोंडावर ओढलेला नव्हता. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि मोठ्या बाबांकडे बघून बोलली. ते इतके दचकले की त्यांनी मान खाली घातली; जसा तिनं चेहरा झाकायचा, तसा त्यांनीच झाकला.

"भाऊजी, मी बोलून राहिली, माफ करा. मी ज्याईच्यासाठी बांधलं थे सगळे आधीच मेलेले होते. मी बांधल्यानं कोणी मेलं नाही. तुमच्या भावाले पेट्याईनं मारलं. थ्या पेट्या मी रचल्या नव्हत्या."

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्याईचं एकच म्हणणं होतं. तुमाले माहीत हाय थे. पोरगी कालेज पुरं करीन, तवा मी कुठं बी येईन. गावाले या म्हणा, येईन. पण आता नाही."

"अन् खासान काय?" त्यांनी जमिनीकडे पाहतच विचारलं.

"बांधीन नं. हेच बांधीन."

मोठे बाबा वाईट माणूस नव्हते. भाऊ गेला होता आणि कुणाला तरी दोष दिल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नव्हता. तेरवी होईपर्यंत ते राहिले. जाताना मला जवळ बोलावलं.

"किती वर्षं राहिले?"

"हे धरून दोन."

"नापास झाली तं?"

"होणार नाही," मी म्हटलं. अठरा वर्षांची होते.

त्यांनी ती तार गमछ्यासकट उचलली. वाटेत तिलवाऱ्याच्या पुलावरून टाकतो म्हणाले. टाकली की नाही, मला माहीत नाही.

डिसेंबरात लढाई लागली. आठवड्याभरातच हवालदार आला. त्याच्या मिशा आता पिकल्या होत्या. त्याला बाबांचं माहीत नव्हतं. "माँजी, इस बार ज़्यादा चाहिए," म्हणत त्यानं चिठ्ठी पुढे केली, मग मायचं मोकळं कपाळ आणि मोकळे हात पाहिले आणि चिठ्ठी मागे घेतली. "रहने दीजिए. मैं सदर से ले लूँगा."

"काहून?" माय म्हणाली. तिला हिंदी येत होती, पण ती मराठीतच बोलली. "इकडे द्या."

त्या महिन्यात आम्ही तिघी बांधत होतो. ज्यांच्यासाठी बांधत होतो ते तिकडेच, सरहद्दीवर, जळून गेले होते; इथं छावणीत नुसत्या एका दगडापुढे ती चक्रं मांडायची. धाकटी काड्या कापायची, मी पानं लावायची, माय पिळायची. माझं पुस्तक समोर विटेला टेकवून उघडं असायचं आणि मी मोठ्यानं वाचायचे, इंग्रजी, इतिहास, जे असेल ते. मायला त्यातलं काही कळत नसे. मी थांबले की ती म्हणायची, "पुढं." मी वाचायला बसले की बाबाही तसंच म्हणायचे. पहिल्यांदा तिच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला वाचता येईना. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही तिघीही थोडा वेळ नुसत्या हात चालवत राहिलो.

मार्चात परीक्षा दिली. पास झाले. शेवटच्या वर्षी माझी हजेरी कमी भरली, कारण मायचं मनगट पार गेलं होतं आणि पिळायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला प्राचार्यांसमोर उभं केलं. त्यांनी विचारलं, घरी काय काम असतं. मी सांगितलं, पुष्पचक्रं बांधते. त्यांनी माझे हात दाखवायला सांगितले. मी दाखवले. बोटं काड्यांनी फाटलेली होती. त्यांनी कागदावर सही केली आणि पुन्हा विचारलं नाही.

त्र्याहत्तर साली मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात, मायकडून किंवा बाबांकडून, माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.